गंजाचं घराणं

पिवळ्यात काळा मिसळला की हिरवा होतो! तुम्हाला हे आधीच माहीत असेल तर तुम्ही भाग्यवान. मला आत्ता आत्ता कळलं. आमच्या रंगारीमामांनी वाटीभर पिवळा इमल्शन घेतला, त्यात काळ्या स्टेनरचे थेंब सोडले, काडीने ढवळलं आणि वाटी माझ्यापुढे धरली. आत चक्क शेवाळी रंग. "म्हणून पिवळा उतरवायचा असला ना वहिनी, की काळा घ्यायचा नसतो," मामा म्हणाले, "भाजल्या मातीचा तपकिरी घ्यायचा." दुसऱ्या वाटीत त्यांनी बर्न्ट सिएनाचे थेंब टाकले. तोच पिवळा शांत झाला, पण त्याची ऊब गेली नाही. मी दोन्ही वाट्या घेऊन खिडकीपाशी गेले, मग दिव्याखाली, मग जिन्यात. नवरा म्हणाला, "वाट्या घेऊन कुठे हिंडतेयस?" त्याला काय सांगणार! मला नवं खूळ लागलं होतं, आणि ते अजून उतरलेलं नाही.

निमित्त तसं क्षुल्लक. डोंबिवलीच्या आमच्या फ्लॅटचं दार उघडलं की आधी एक पॅसेज लागतो. बिल्डरच्या नकाशात त्याला 'फॉयर' असं भारदस्त नाव आहे, घरात कोणी ते उच्चारत नाही. साडेचार फूट रुंद, जेमतेम दहा फूट लांब. एका अंगाला चपलांचं कपाट, त्याच्या वर डीबी बॉक्स, शेजारी इंटरकॉम, खुंटीला छत्र्या आणि भाजीच्या पिशव्या. खिडकी नाही. उजेड येतो तो टोकाच्या हॉलमधून, तोही वळसा घेऊन. घराला रंग काढायचं ठरलं तेव्हा हॉलवर आणि बेडरूमवर तासन्‌तास खल झाला, पॅसेजचा निकाल मात्र घरादाराने एका वाक्यात लावला: "अंधार आहे, पांढरा मारा."

मामांनी मान हलवली. ते संगमेश्वरकडचे, शब्द मोजून वापरणारे. "पांढऱ्याला उजेड लागतो," एवढंच म्हणाले आणि लांबी भरायला निघून गेले.

पांढऱ्याला उजेड लागतो? मला तर वाटत होतं पांढरा उजेड देतो! मी स्टेशनरीच्या दुकानातून मोठे ड्रॉइंग पुठ्ठे आणले. एकाला मामांकडून शुभ्र पांढरा मारून घेतला, दुसऱ्याला ती दुसऱ्या वाटीतली मातकट पिवळ्याची छटा, दोन-दोन हात देऊन. वाळल्यावर दोन्ही पुठ्ठे पॅसेजच्या भिंतीला टेकवले, दिवा बंद केला आणि दुपारच्या वेळी हॉलमध्ये जाऊन वळून पाहिलं. पांढरा पुठ्ठा राखाडी दिसत होता! धुतलेला पण नीट न निघालेला. आणि पिवळा? पिवळा पिवळाच होता. अंधारातही तो कोणता रंग आहे हे त्याचं त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग वाचायला बसले. पांढरा रंग स्वतःचं काही देत नाही, पडलेला उजेड परत करतो. चांगला पांढरा शंभरातला ८०-८५ भाग परत करतो, काळा जवळजवळ काहीच नाही. या मापाला एलआरव्ही म्हणतात, आणि काही शेडकार्डांवर प्रत्येक छटेखाली तो आकडा बारीक अक्षरात छापलेला असतो. इतकी वर्षं शेडकार्डं चाळली, तो आकडा मी कधी वाचला नव्हता! आता हिशेब बघा. पॅसेजमध्ये उजेडच मूठभर येतो, त्यातला ८५ टक्के परत आला तरी मूठभरच. त्यात शेजारी हॉल उन्हाने भरलेला. डोळा एकटी भिंत कधी बघतच नाही, शेजारणीशी तुलना करत बघतो. तुलनेत पॅसेजचा पांढरा हरतो, आणि हरलेल्या पांढऱ्यालाच आपण राखाडी म्हणतो. मातकट पिवळा आकड्यांत याहून कमीच उजेड परत करतो, पन्नासाच्या आसपास. पण त्याच्याकडून आपली शुभ्रतेची अपेक्षाच नसते. तो सावलीत उभा राहिला तरी मळका वाटत नाही, गडद वाटतो. आणि मळकं आणि गडद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे!

इथून पुढे मी थांबूच शकले नाही. मामांच्या पिशवीतल्या स्टेनरच्या बाटल्या एकेक करून वाचायला लागले. यलो ऑक्साइड, रेड ऑक्साइड, बर्न्ट सिएना. तिन्ही उबदार, तिन्ही एकमेकांशी कधीही न भांडणाऱ्या. का? कारण तिन्ही लोखंडाच्या! पिवळा म्हणजे लोखंडाचा गंज, तांबडा म्हणजे लोखंडाचा गंज, तपकिरी म्हणजेही तोच, त्यात चिमूटभर मँगनीज. शेडकार्डाच्या ज्या पानाला आपण 'वॉर्म' म्हणून बोट लावतो, त्यावरच्या मातकट, विटकरी, गेरवी, मधाळ छटांपैकी बहुतेक सगळ्या या एका गंजाच्या घराण्यातल्या. पिवळ्यात हा गंज पाण्याला रासायनिकदृष्ट्या धरून असतो. ते पाणी तापवून घालवलं की तोच पिवळा तांबडा होतो.

तापवून? मग काय, घरात करून बघायलाच हवं! रंगाच्या जुन्या दुकानातून पिवडी, म्हणजे पिवळी माती, आणली. दुकानदाराला बजावून मातीचीच घेतली, कारण त्या नावाखाली रंगवलेल्या खडूची भुकटीही मिळते. बाद झालेला एक लोखंडी तवा काढला, खिडक्या उघडल्या, आणि मंद आचेवर पिवडी परतायला घेतली. आधी काहीच होईना. मग कडेने रंग उतरायला लागला, पिवळ्याचा बदामी झाला, बदामीचा नारिंगी, आणि बघता बघता तवाभर गेरू! रांगोळीखाली दारात सारवतो तो रंग, माझ्या गॅसवर, माझ्या डोळ्यांदेखत! इटलीतल्या सिएना गावच्या परिसरातली पिवळी माती चित्रकार शतकानुशतकं अशीच भाजत आले, आणि मामांच्या बाटलीवरचं बर्न्ट सिएना हे नाव त्याच भाजलेल्या मातीचं. (तो तवा आता स्वयंपाकाला बाद. तुम्हीही जुनाच घ्या.)

आणि हे लोखंड आपल्या पायाखालचं आहे! आपला सह्याद्री काळ्या बेसॉल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्या काळ्या दगडात लोखंड भरपूर. कोकणातल्या पावसात तो दगड युगानुयुगं कुजत गेला, विरघळणारं सगळं वाहून गेलं, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, गंजलं, आणि जांभा तयार झाला. पाचगणीचं टेबललँड म्हणजे अशाच जांभ्याची टोपी. घाट उतरताना कापलेल्या कड्यात दोन काळ्या थरांच्या मध्ये कधीकधी एक विटकरी पट्टा दिसतो ना? एका लाव्हावर माती होऊ लागली, तेवढ्यात दुसरा लाव्हा आला आणि ती दाबली गेली, त्या थराचा तो पट्टा. म्हणजे काळ्या महाराष्ट्राच्या पोटात हा तांबडा कायमच होता. मामांना हे सांगायला गेले तर ते म्हणाले, "आमचं घरच जांभ्याचं हाय." त्यांना त्यात नवल काही नव्हतं. मला मात्र गावच्या घराच्या भिंती, ओटी, बांधावरची गडगी, सगळं आठवून अंगावर काटा आला.

मग आठवलं अजिंठा. तिथे आत उजेड कुठून येतो? दारातून, समोरून, बस्स. आणि त्या अंधाऱ्या दालनांत पाचव्या शतकातल्या चित्रकारांनी भिंती भरल्या त्या कशाने? मुख्यतः पिवळ्या आणि तांबड्या मातीने. जोडीला दिव्याची काजळी, चुना आणि पांढऱ्या माती, दगडातली हिरवी माती, आणि फक्त निळ्यासाठी दूर अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघताना अंधारातून जी ऊब येते ती या मातीची. दीड हजार वर्षं झाली, बुरशी लागली, गिलावा पडला, वरून चढवलेलं वॉर्निश काळवंडलं, पण माती विटली नाही. कशी विटेल? जे आधीच गंजून बसलंय त्याचं ऊन आणखी काय वाकडं करणार? दक्षिण आफ्रिकेत ब्लॉम्बोस नावाच्या गुहेत शिंपल्यांमध्ये कालवून ठेवलेला गेरू सापडला, तो सुमारे १,००,००० वर्षांपूर्वीचा! एक लाख वर्षांपूर्वी कुणीतरी शिंपल्यात गेरू ढवळत होतं, आणि मी डोंबिवलीत वाटीत ढवळत होते. वारली बाया गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, आपण उंबरठ्यावर हळदकुंकू वाहतो, दारावर झेंडूचं तोरण बांधतो. दाराचा रंग कोणता असावा हे आपण पिढ्यान्‌पिढ्या हातांनी सांगत आलोय, आणि भिंतीची वेळ आली की म्हणतो, पांढरा मारा!

तर घराणं ठरलं. पण घराण्यातलं कोण? इथे खरी मजा सुरू झाली, कारण पुठ्ठ्यांची संख्या वाढत गेली आणि पॅसेजमधून चालणं मुश्कील झालं. गेरवा, विटकरी, जर्दाळू, पिकल्या पपईचा, मधाळ, हळदी, बदामी. एकेक पुठ्ठा मी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पाहिला आणि एकही रंग दिवसभर एकसारखा राहिला नाही. एकही नाही!

विटकरी माझा लाडका होता. दुपारी राजबिंडा दिसायचा. तिन्हीसांजेला, दिवा लावायच्या आधी, तो चक्क काळपट पडला. आणि हे दोनशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलेलं आहे! पुर्किन्ये नावाच्या चेक शरीरशास्त्रज्ञाने १८२५ साली लिहून ठेवलंय, की अंधूक उजेडात तांबडे रंग लवकर विझतात आणि निळे-हिरवे उजळ वाटू लागतात. डोळ्यात उजेडासाठी वेगळ्या पेशी आणि अंधारासाठी वेगळ्या. अंधाराच्या पेशींना तांबडा जवळजवळ दिसतच नाही. मी गॅलरीत धावले. कुंडीतली लाल जास्वंद काळी पडली होती आणि तिची पानं दुपारपेक्षा उठून दिसत होती. रोज संध्याकाळी हे माझ्या नाकासमोर घडत होतं! तर खिडकी नसलेल्या पॅसेजमध्ये विटकरी म्हणजे अर्धा वेळ काळा. विटकरी बाद. पिवळ्याकडे झुकलेले तग धरून होते.

पुढचा धक्का फरशीने दिला. पॅसेजला कोटा आहे, हिरवट-निळसर झाक असलेला. बदामी पुठ्ठा हॉलच्या पांढऱ्या टाइल्सवर ठेवला तर बदामी, कोट्यावर ठेवला तर गुलाबी! पुठ्ठा तोच, हात माझाच. याचं कोडं सोडवलंय शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. तिथे तक्रार आली की काळी लोकर पुरेशी काळी दिसत नाही. त्याने रंग तपासला, रंगात खोट नव्हती. खोट शेजाऱ्यांची होती. काळ्या धाग्याच्या बाजूला विणलेले रंग त्याच्यावर आपली विरुद्ध छटा टाकत होते. त्याचा यावरचा ग्रंथ १८३९ साली आला, आणि स्वतः तो १०२ वर्षं जगला. (रंगांत रमलेल्या माणसाला आयुष्य कमीच पडतं, मला आता पटतंय.) तर हिरवट फरशी आपल्या शेजारच्या रंगात तांबडेपणा जागा करते. म्हणून कोट्यावर बदामी नको, त्याहून जरा पिवळा हवा, म्हणजे फरशी त्याला ढकलून बरोबर मधल्या जागी आणते. सागवानी दार तर नारिंगीच असतं. त्याच्या शेजारी जर्दाळू रंग लावला की दार आणि भिंत एकमेकांत विरघळतात आणि दोघंही निस्तेज होतात. जरा अंतर हवं. पणजीच्या फोंतेन्यास वस्तीत पिवळ्या आणि तांबड्या भिंती आणि खिडक्यांभोवती पांढऱ्या पट्ट्या असतात, ते फोटोत कित्येकदा पाहिलं होतं. आता कळलं ती पट्टी काय करते! पांढऱ्याची चौकट मिळाली की पिवळा कसा लख्ख वेगळा उभा राहतो. आमच्या दाराच्या चौकटीभोवती पांढरा पट्टा तिथेच ठरला.

आणखी एक गोष्ट, ही मामांनी सांगितली आणि पुस्तकाने खरी ठरवली. अरुंद जागेत समोरासमोरच्या भिंती एकमेकींचा रंग वाढवतात. या भिंतीवरून पिवळा झालेला उजेड त्या भिंतीवर पडतो, तिथून आणखी पिवळा होऊन परत येतो. पुठ्ठ्यावर जो रंग बरोबर वाटतो, तो चारी बाजूंनी लावला की भडक होतो. मी खात्री करायला दोन पुठ्ठे साडेचार फुटांऐवजी वीतभर अंतरावर समोरासमोर धरले आणि मधल्या फटीत डोळा लावला. आत केशर पेटलेलं! म्हणून मामा म्हणतात, "बोळासाठी कार्डावर एक घर खाली उतरायचं." म्हणजे त्याच पट्टीतली एक पायरी फिकी छटा घ्यायची. कार्डावर ती नेभळट दिसते, बोळात भरून येते.

आणि दिवा! दिवा म्हणजे तर अर्धा रंग. आमच्या पॅसेजमध्ये पांढऱ्याफेक उजेडाची एलईडी होती, खोक्यावर ६५०० के (केल्व्हिन, उजेडाच्या छटेचं माप) लिहिलेली. रंगाच्या दुकानातही छतभर तशाच नळ्या असतात, म्हणून तिथे शेडकार्ड बघून घेतलेला निर्णय घरी पोचेपर्यंत बदललेला असतो. त्या दिव्याखाली माझे सगळे उबदार पुठ्ठे आजारी दिसत होते. मग ३००० केचा दिवा आणला. जुना पिवळा बल्ब साधारण २७०० चा, मेणबत्ती त्याहून खाली, १९०० च्या आसपास. आकडा जितका लहान तितका उजेड पिवळा, हे उलटं गणित आधी डोक्यात बसवावं लागतं. दिवा बदलला, खटका दाबला, आणि सगळे पुठ्ठे एकदम जिवंत! खोक्यावर सीआरआय नावाचा आकडाही असतो, तो ९० च्या वर असेल तर तांबडे-नारिंगी रंग खरे दिसतात. रंग बदलायच्या आधी दिवा बदलून बघा, हा सल्ला मी आता भाजीवाल्यालासुद्धा देते. त्याचे टोमॅटो तरी सुधारतील.

लेकीला बंगळुरूला फोटो पाठवले तर ती म्हणाली, "सगळे सारखेच दिसतायत गं आई." दिसणारच! फोनचा कॅमेरा दिव्याचा पिवळेपणा स्वतःच पुसून टाकतो. त्याला वाटतं तो मदत करतोय. व्हॉट्सॲपवर रंग ठरत नाहीत. भिंतीपुढे उभं राहावं लागतं.

या खुळात एक घर सापडलं, तेही पुस्तकातच. मेक्सिकोचा वास्तुकार लुईस बारागान याने मेक्सिको सिटीत १९४८ साली स्वतःसाठी बांधलेलं. रस्त्यावरून आत शिरलं की आधी एक अंधारा, अरुंद बोळ. मग एकदम उंच जागा, समोर रणरणीत गुलाबी भिंत, आणि जिन्यावरच्या सोन्याच्या वर्खाच्या चित्रावरून परतून आलेला उजेड. बोळ त्याने मुद्दाम अंधारा ठेवला, पुढचं दालन फुलून दिसावं म्हणून! वाचता वाचता मी हसले, कारण आपल्या वाड्यांत दुसरं काय असतं? देवडीतून वाकून शिरायचं, ढाळजेच्या गारव्यातून पुढे जायचं, आणि मग चौकातलं आभाळ. देवडीने चौकाशी स्पर्धा कधी केली नाही. मग माझ्या पॅसेजने हॉलइतकं उजळ का व्हायचं? त्याने आल्यागेल्याला जवळ घ्यावं आणि पुढे पाठवावं. हे कळलं आणि मनावरचं केवढं ओझं उतरलं! अंधाराशी भांडायची गरजच नव्हती.

शेवटी ठरला तो यलो ऑक्साइडच्या पट्टीतला, बर्न्ट सिएनाने शांत केलेला, एक घर खाली उतरलेला पिवळा. थोडं कामाचंही सांगते, कारण याने पैसे वाचतात. आधी सगळ्यात छोटा नमुन्याचा डबा घ्या आणि भिंतीवर नको, पुठ्ठ्यावर लावा. पुठ्ठा हिंडवता येतो. दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या, कारण इमल्शन वाळल्यावर थोडा गडद होतो, आणि चुना किंवा डिस्टेंपर नेमका उलटा, वाळल्यावर फिका. पुठ्ठ्याला चारी बाजूंनी पांढरी कड सोडू नका, ती डोळ्याला फसवते. छटा मशीनवर बनवून घेतली असेल तर डब्याच्या झाकणावरचा कोड जपून ठेवा. एकाहून जास्त डबे लागणार असतील तर सगळे एका बादलीत एकत्र करून घ्या, म्हणजे भिंतीच्या मध्यावर छटा बदलत नाही. येताजाता हात, पिशव्या आणि ओल्या छत्र्या लागतात म्हणून पुसता येणारा सॅटिन हवा, पण चमक जितकी जास्त तितके गिलाव्याचे उंचवटे दिसतात, विशेषतः दिवा भिंतीलगत असेल तर. म्हणून लांबी भरून घासण्यात कंजूषी नको. डीबी बॉक्सचं झाकण भिंतीच्याच रंगात रंगवलं आणि तो नाहीसा झाला. ओल असेल तर मात्र आधी ती बंद करा. पोपड्यांवर कुठलंही घराणं टिकत नाही.

पहिला हात बसला तेव्हा मी मामांच्या मागे उभी होते. रोलर वर गेला, खाली आला, आणि भिंत ओली असताना ती इतकी फिकी दिसली की नवरा म्हणाला, "एवढा खटाटोप करून शेवटी क्रीमच ना?" मी गप्प बसले. मला वाळण्याचं गणित माहीत होतं! दुसऱ्या हातानंतर, संध्याकाळी, ३००० चा दिवा लागला. नवरा ऑफिसातून आला, बूट काढायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला. मग म्हणाला, "आपला पॅसेज रुंद केलास का?" रुंद! एक इंच हललेला नाही! कडेकोपऱ्यातल्या राखाडी सावल्या गेल्या आणि भिंती डोळ्याला सलग वाटू लागल्या, एवढंच झालंय. माझ्या सासूबाईंना रंगाचं शास्त्र सांगायला गेले, त्या म्हणाल्या, "आमच्या ओटीवर हाच होता की. चुन्यात पिवडी कालवायचो." घ्या!

आता खूळ पॅसेजपुरतं राहिलेलं नाही. लोकलमधून जाताना इमारतींचे जिने बघते. लग्नाच्या हॉलमध्ये जेवण सोडून दिव्यांचे आकडे ओळखते. चिपळूणला बहिणीकडे गेले तर तिच्या पडवीच्या जांभ्याला हात लावून बसले. छताचा वाद घरात अजून चालू आहे. नवऱ्याला शुभ्र हवं, मला भिंतीच्याच रंगाचा एक थेंब टाकलेलं, आणि दोघांचे पुठ्ठे शिडीवर बांधून तयार आहेत.

परवा समोरच्या फ्लॅटमधल्या काकू आल्या. पॅसेजमध्येच थबकल्या, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, कोड देऊन ठेव ना, आम्हीही हाच लावतो." मी साफ नकार दिला. त्यांचं दार पूर्वेला, आत खिडकी, खाली लाल टाइल्स, दाराला अक्रोडी लॅमिनेट. माझा पिवळा त्यांच्याकडे गेला तर सकाळी भडकेल आणि दुपारी फरशीपुढे हिरवा पडेल. त्यांचा चेहरा पडला. मग मी त्यांच्या हातात कोरे पुठ्ठे दिले, उरलेल्या नमुन्यांचे डबे दिले, काडी दिली, आणि म्हटलं, "काकू, आधी एका वाटीत पिवळा घ्या आणि त्यात काळ्याचा एक थेंब टाका. मग बोलू!"